सेवासंघ व स्वयंसेवक : त्यांची रीत, उपयोग व मर्यादा



दुष्काळ, पूर अगर साथ यांच्या निवारणाकरिता वर्गणी मागावयास गेले असता एक प्रश्न दुकानोदुकानी ऐकावयास मिळतो. “पैसे देतो, पण ते वाटणार कोण?” प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारा गृहस्थ कृपण असतो असे समजण्याचे कारण नाही. उलट जो काही न विचारता रक्कम टाकून मोकळा होतो, त्यास बहुधा मागणाऱ्याची ब्याद टाळावयाची असते. याच प्रश्नाच्या पोटी दुसरा एक प्रश्न येतो. रोटरी, लायन्स आदि नावांचे जे सेवासंघ आपल्या शहरात व अन्यत्र आहेत, त्यांच्या सभा होतात, भोजने होतात, नूतन अध्यक्षांचे पदग्रहण थाटाने होते व छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. या सर्वांचा उपाशी माणसाशी संबंध तो काय? या दोन प्रश्नांचा उलगडा यथामति करावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम आपल्याच मुलखाचा अनुभव पाहू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झाला. तत्पूर्वीचा येथील दुष्काळांचा इतिहास भंडारा जिल्ह्याच्या नावे नमूद आहे, व त्या काळी हा प्रदेश मध्यप्रांतात मोडत असे. १८९६ साली ऑगस्ट अखेर पाऊस एकाएकी थांबला. धानाच्या मुलखात याचा अर्थ काय होतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. हलका धान कसाबसा पदरात पडतो. भारी धान मात्र हस्ताच्या पाण्यावाचून बांधीतल्या बांधीत वाळतो. या तडाख्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पुनः अवर्षण आले. १८९१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. ती १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजार भरली. ही ऐंशी हजारांची तूट सर्व उपासमारीचीच होती असे नव्हे. काही लोक पटकीने व तापाने गेले, काही देशोधडीस लागले. तथापि दहा वर्षांत वाढावयाची ती वस्ती दहाव्या हिश्श्याहून अधिक घटावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आणि हे घडले तेव्हा आगगाडी आपल्या दारात होती! नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच तयार झाला होता. गाडीने धान्य येऊ शकत होते. परंतु ज्याचे पीक गेले त्याची मजुरीही गेली, व ज्याच्या गाठीस पैसा नाही त्याच्याकरिता कोणतीही गाडी धान्य उतरवीत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर दुष्काळाचे कायदे ठरले. कामावर मजुरी, अशक्तांस गावी शिधा, अन्नछत्रे अशी व्यवस्था होती, व १९०० च्या पावसाळ्यात मध्यप्रांतात वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर जगत होती. मग खाजगी दानास जागा उरली कोठे? याचे उत्तर १८९७ व १९०० या दोन्ही वेळी उभारलेल्या अखिल हिंदुस्थानच्या धर्मादाय दुष्काळ निधीने फार स्पष्टपणे दिले होते. त्या निधीने आपल्या पैशाकरिता चारच बाबी ठरविल्या : सरकारी शिध्यापलीकडील लहानसहान गरजा, म्हणजे वस्त्र, आजाऱ्यास दूध वगैरे, पोरक्या मुलांचे पालन, जे अब्रूपायी उघड मदत घेत नाहीत अशा दरिद्री कुटुंबांस साह्य, आणि दुष्काळ सरल्यावर शेतकऱ्यास बी व बैल देऊन पुनः उभे करणे. जीव वाचविणे हे सरकारचे कर्तव्य, आणि नियमाचा हात जेथे पोचत नाही तेथे दात्याचे, अशी ही वाटणी होती. या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु याहून शहाणपणाची वाटणी माझ्या पाहण्यात नाही.

त्यांतील तिसरी व चौथी बाब थोडी उकलून पाहण्यासारखी आहे. खडी फोडावयास न जाणारी विधवा, माग थांबलेला कोष्टी, शाळेचा वा देवळाचा अल्प वेतनावरचा नोकर, हे लोक कामाच्या हजेरीपटावर येत नाहीत व अन्नछत्राच्या रांगेतही उभे राहत नाहीत. तहसीलदाराने कितीही सचोटीने चौकशी केली तरी त्यास ते सापडावयाचे नाहीत. ते शेजाऱ्यास ठाऊक असतात. ज्या दुकानातून ते उधार माल नेत व आता नेत नाहीत, त्या दुकानदारास ठाऊक असतात. चौथ्या बाबीत वेळेचे महत्त्व आहे. बियाण्याचा पैसा मृगापूर्वी हाती पडला तर तो पैसा. रोवणीचे दिवस टळल्यावर तोच पैसा केवळ भिक्षा होय. सबब दोन्ही बाबींत रकमेपेक्षा माणसांची अगोदरची ओळख व अगोदरची तयारी अधिक उपयोगी पडते. सेवासंघाची उपयुक्तता समजून घ्यावयाची ती येथून.

रोटरीचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी झाला. संस्थापक पॉल हॅरिस हे वकील होते. पहिल्या बैठकीचे त्यांचे तिघे सोबती म्हणजे एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक शिंपीकामाचा व्यवसाय करणारा. सभा पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, यावरून ते नाव पडले. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आरंभी या मंडळीचा हेतू परोपकाराचा नव्हता. मैत्री व्हावी व एकमेकांस गिऱ्हाईक मिळावे, इतकाच होता. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या दुसऱ्या एका वकिलास सभासद होण्याची विनंती केली असता, ज्या संस्थेपासून सभासदांखेरीज कोणाचाच लाभ नाही तिचे भवितव्य काय, अशी शंका त्यांनी काढली, आणि त्या शंकेने संस्थेची दिशा बदलली. (वकिलांच्या शंका नेहमीच निरुपयोगी नसतात, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.) शिकागोच्या मध्यभागी सार्वजनिक शौचकूप बांधविणे हे त्यांचे पहिल्या मोठ्या लोककार्यांपैकी होय, १९०७ मध्ये खटपट सुरू झाली व दोनेक वर्षांनी ती फळास आली. या कामास विरोध कोणी केला? मद्य गाळणाऱ्यांनी, व मोठमोठ्या दुकानांच्या मालकांनी. शौचाच्या निमित्ताने आत आलेला माणूस काहीतरी विकत घेऊनच बाहेर पडतो, हा त्यांचा हिशेब होता. लोककार्यास आडवे येणारे व ते तडीस नेणारे दोघेही एकाच बाजारपेठेतले असतात, हे व्यापारी वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून हा वृत्तांत दिला.

हिंदुस्थानात पहिला रोटरी क्लब १९१९ साली कलकत्त्यास निघाला; मुंबईचा १९२९ सालचा. लायन्स ही संघटना १९१७ मधील, तीही शिकागोचीच, व तिचे प्रवर्तक मेल्विन जोन्स हे विम्याचा धंदा करीत. भारतात ती १९५६ साली मुंबईस आली. १९२५ साली अंध व बधिर विदुषी हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांची बाजू घेण्याचे आवाहन केले, तेव्हापासून नेत्ररक्षण हे त्या संघटनेचे मुख्य कार्य ठरले. मोतीबिंदूची शिबिरे आपल्याकडे खेडोपाडी परिचित आहेत ती त्याच परंपरेची.

आता रीत. रोटरीचा मूळ नियम असा की, एका धंद्याचा एकच सभासद घ्यावा व सभा दर आठवड्यास भरावी. पुढे दोन्ही नियम सैल झाले. २०१६ पासून तर महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालते. सैल झाले ते कालमानानुसार असेल, परंतु त्यांतील मूळ मर्म विसरले जाऊ नये. धान्याचा अडत्या, राइस मिलवाला, डॉक्टर, बँकेचा अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक, मालमोटारींचा मालक व वकील ही मंडळी दर आठवड्यास एका मेजावर बसत असतील, तर संकटाच्या दिवशी कोणाकडे काय आहे हे विचारावे लागत नाही. ज्या भोजनाची थट्टा होते ते भोजन याकरिता असते. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे काम गमावलेले मजूर मुंबई-नागपूरकडून देवरीवरून छत्तीसगडच्या दिशेने भर उन्हात पायी जात होते, तेव्हा महामार्गावर पाणी, भोजन व पादत्राणे यांची गरज त्याच घटकेस होती. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर वैनगंगेचा पूर भंडारा-गोंदियाच्या काठावरील गावांत शिरला. अशा वेळी समिती नेमून, घटना लिहून, अध्यक्ष निवडून काम सुरू करावयाचे म्हटले तर पूर ओसरून जातो. अगोदरपासून एकत्र येणारी माणसे, मग ती क्लबाची असोत, भजनी मंडळाची असोत, वा तालमीची असोत, दोन तासांत निघू शकतात.

ही कल्पना सर्वस्वी परकी आहे असेही नाही. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली; तिचे प्राण गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हेही वकीलच. तिच्या सभासदास निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून गावांची खरी स्थिती सरकारास वेळोवेळी लिहून कळविली. क्लबाचा सभासद व सभेचा सभासद यांत हा मोठा भेद आहे. पहिला आपल्या धंद्याचा प्रतिनिधी. दुसऱ्याच्या खिशात पन्नास माणसांचा कागद. क्लबांस सार्वजनिक काकांपासून शिकण्यासारखे अद्याप पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. सडक-अर्जुनी वा सालेकसा तालुक्यातील खेड्याकरिता गोंदियात बसून योजना आखली जाते आणि त्या खेड्यातील एकही माणूस त्या खोलीत नसतो, असे पुष्कळदा घडते. दीर्घकाळ स्त्रियाही त्या खोलीत नव्हत्या. रोटरी व लायन्स यांची दारे त्यांस १९८७ ते १९८९ च्या सुमारास उघडली, रोटरीच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. घरातील चूल कोणत्या दिवशी पेटली नाही हे ज्यांस प्रथम कळते, त्यांसच ऐंशी वर्षे बाहेर ठेवले होते!

मोठ्या कार्यातील त्यांचा वाटा मात्र नाकारता येणार नाही. जगातून पोलिओ हद्दपार करण्याचे काम रोटरीने १९८५ साली अंगावर घेतले. भारतात १९९५ पासून सरकारचे पल्स पोलिओ अभियान सुरू झाले. लस सरकारची, परिचारिका सरकारच्या, परंतु केंद्रावर उभे राहणे, घरोघर हाक मारणे, शंकेखोर बापाची समजूत घालणे, ही कामे असंख्य स्वयंसेवकांनी केली. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला व २७ मार्च २०१४ रोजी भारतासह हा सारा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. दुष्काळ निधीची वाटणी व ही वाटणी एकाच जातीची आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

दोष सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. क्लबाचा अध्यक्ष १ जुलै रोजी येतो व पुढील ३० जूनला जातो. ज्याची मुदत एका वर्षाची, त्यास एका वर्षात दिसेल असेच काम आवडते. म्हणून घोंगड्या वाटल्या जातात, वह्या वाटल्या जातात, वृक्षारोपण होते. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्या रोपांस पाणी कोण घालतो हे पाहणारा अध्यक्ष तोवर माजी झालेला असतो. नेत्रशिबिरातही शस्त्रक्रियेच्या दिवशी गर्दी असते. नंतरची तपासणी व डोळ्यांत थेंब घालण्याचे आठवडे यांस मात्र स्वयंसेवक मिळत नाहीत. रोटरीत चार प्रश्नांची एक कसोटी प्रचलित आहे : गोष्ट सत्य आहे काय, सर्वांस न्याय्य आहे काय, तिने सद्भाव वाढेल काय, सर्वांचे हित होईल काय. ती १९३२ च्या मंदीत हर्बर्ट टेलर नावाच्या शिकागोच्या व्यापाऱ्याने आपली बुडती कंपनी सावरण्याकरिता रचली, व १९४३ साली रोटरीने स्वीकारली. कसोटी चांगली आहे. तीत पाचवा प्रश्न घालण्याचा अधिकार मला असता तर तो असा घातला असता : पुढील वर्षी हे कोण पाहील?

आपल्या जिल्ह्यात हा पाचवा प्रश्न सर्वांत कठीण ठरतो तो तलावांच्या बाबतीत. झाडीपट्टीतील तलाव व बोड्या कोहळी आदि समाजांच्या पूर्वजांनी बांधल्या; नवेगाव बांध हा त्यांतील प्रसिद्ध. मालगुजारी अमलात त्यांची देखभाल मालगुजार व गावकरी मिळून करीत, पाण्याच्या पाळ्या ठरत, व गाळ शेतात जाई. त्या व्यवस्थेत जुलूमही होता, व ती गेली हे योग्यच झाले. परंतु १९५० च्या कायद्याने पुढील वर्षी मालगुजारी संपली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, आणि जे काम गावाचे होते ते कचेरीचे झाले. पाळी फुटल्या, पाटांत झुडपे वाढली, गाळाने तलाव उथळ झाले, बेशरम माजली. हस्ताचे पाणी चुकल्यास भारी धानास आधार तलावाचाच. सबब तलावाचा गाळ हा दुष्काळाचा पहिला हप्ता समजावा.

या कामी अर्जुनी-मोरगाव भागात जे झाले आहे ते दात्यांनी अवश्य पाहून यावे. तेथे अभ्यासू कार्यकर्ते व पिढीजात मासेमारी करणारे ढिवर बांधव यांनी मिळून काही तलावांचे पुनरुज्जीवन केले आहे. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशास हवी, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते ढिवरांपाशी होते. त्याप्रमाणे बेशरम उपटून देशी वनस्पती लावण्यात आल्या, व त्यात स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. येथे छायाचित्रे कमी व चिखल अधिक. सारस पक्ष्याचेही असेच. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ आपल्या जिल्ह्यापुरताच उरला आहे, व त्यांची संख्या पन्नासाच्याही आत आहे. तो घरटे करतो धानाच्या बांधीत, म्हणजे शेतकऱ्याच्या पिकात. स्थानिक स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे शेतकऱ्यांशी बोलून घरट्यांस संरक्षण मिळविले, आणि दर उन्हाळ्यात वैनगंगा व बाघ नद्यांच्या दोन्ही तीरांवर पहाटे एकाच वेळी उभे राहून ते पक्ष्यांची गणना करतात. सारसाचा व दुष्काळाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की, ज्या तलावाकाठी सारस चरतो त्या तलावात पाणी असते; आणि पक्षी मोजावयास भल्या पहाटे हजर राहणारा तरुण पुराच्या रात्रीही हजर राहतो.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, कारण तो माझा धंदा आहे. महाराष्ट्र राज्याने १९६३ साली एक अधिनियम करून राज्यातील कायद्यांतून दुष्काळवाचक इंग्रजी शब्दच काढून टाकला व तेथे टंचाईवाचक शब्द घातला. नऊ वर्षांनी, १९७२ साली, जे आले ते शब्दाची परवानगी घेऊन आले नव्हते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना दृढ झाली व १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यामुळे कामाची मागणी ही आज याचना नसून हक्क आहे. मजुरास त्याच्या हक्काचा अर्ज भरून देणे, त्याची मजुरी खात्यात पडली की नाही हे पाहणे, हे काम शंभर घोंगड्यांपेक्षा मोलाचे असून त्यास खर्च जवळजवळ नाही. शिकलेल्या स्वयंसेवकाने दर पंधरवड्यास एक दिवस दिला तरी पुरे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आपल्याकडे लागू आहे. नोंदलेल्या संस्थेने आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे असतात. दात्याने पावती मागावी, हे तर झालेच. त्याखेरीज तपासलेला जमाखर्च मागावा व त्यात तीन आकडे पाहावेत. मदतीत गेले किती, मदत पोचविण्यास गेले किती, आणि समारंभास गेले किती. आयकरातील सवलतीची चौकशी सर्वजण करतात; या तीन आकड्यांची करणारा विरळा. जी संस्था प्रश्नाने रागावते तिला देणगी देऊ नये. आणि जी संस्था एकही पैसा व्यवस्थेवर खर्च होत नाही असे सांगते, तिच्याविषयी मी तरी अधिक सावध राहीन. कारण तांदूळ गोंदियाहून देवरीस स्वतःच्या पायांनी जात नाहीत.

राहिला प्रश्न काय द्यावे याचा. रोख रकमेची गरज असतेच. परंतु व्यापाऱ्यापाशी गोदाम आहे, वजनकाटा आहे, हिशेबनीस आहे. जमीनदारापाशी ट्रॅक्टर व ट्रॉली आहे. तलाव कोरडा असतो तो चैत्रापासून ज्येष्ठाच्या पहिल्या पावसापर्यंत, आणि तेवढेच दिवस गाळ काढता येतो. २०१७ साली राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. आरंभी तीत गाळ उपसण्याच्या यंत्रास साह्य मिळे, गाळ वाहून नेणे मात्र शेतकऱ्याकडे असे, आणि ज्याची दोनच बांध्या शेती आहे त्यास ट्रॉलीचे भाडे परवडत नसे. तेव्हा ज्यांच्या ट्रॉल्या उन्हाळ्यात उभ्या असतात त्यांनी किती दिवस, कोणत्या गावाकरिता व डिझेल कोणाचे, एवढे लिहून आपल्या नजीकच्या सेवासंघाकडे अगर ग्रामपंचायतीकडे होळीपूर्वी द्यावे. होळीनंतर दिलेल्या यादीत गावांची निवड व पाळ्या बसविण्यातच वैशाख निघून जातो.